पेव

रविवारची उपासना संपल्यावर
पंचमंडळ मागच्या खोलीत बसलं.
पेटीचे दोन सूर पुरात गेले असं आम्ही सांगतो,
खरं तर ते आधीच गेले होते.
विषय एकच : मंडळीचं पुढच्या दहा वर्षांचं दर्शन.
पुण्याहून पत्र होतं,
एका वाक्यात हवं, पंधरा शब्दांच्या आत.
मी चिटणीस. खडू माझ्या हातात.

थिओफिल भंडाऱ्यांनी फाईल उघडली.
नवं मंदिर, खाली हॉल,
लग्नकार्याला भाड्यानं देता येईल असा,
आणि क्रूस एवढा उंच
की आयर्विन पुलावरून दिसावा.
सुवार्ता आवळे म्हणाली, दिसून काय करायचंय?
तरुण संघात सोळा नावं आहेत,
त्यातली अकरा पुण्यात राहतात.
पाळकबाबांनी 'सामर्थ्य' सुचवलं. मी लिहिलं.
कुणी 'तेजस्वी' म्हणालं. तेही.
मग साक्ष, प्रगती, परिवर्तन.
पंधराच्या जागी एकोणतीस शब्द झाले
आणि एकालाही माणसाचा वास येईना.

भिंतीवर, खिडकीच्या हातभर वर,
एकोणीसच्या पुराची रेघ आहे.
भंडाऱ्यांच्या अंदाजपत्रकात
तिच्यासाठी रंगाचे दोन हात धरलेत.

शमुवेल वायदंडे दारापाशी बसले होते.
चाळीस वर्षं मार्केट यार्डात हमाली,
नखांच्या मुळाशी हळद अजून पिवळी.
कानानं जरा कमी ऐकतात.
त्यांनी विचारलं,
"दर्शन म्हंजे फुडचं दिसणं, न्हवं?"
मी मान हलवली.

"हरिपूरला पेवं फोडाय जायाचो आमी.
पंचवीस फूट खोल, हळदीनं भरल्यालं,
दोन-दोन वर्सं तोंड मिटल्यालं.
फोडलं की लगीच उतरायचं न्हाई.
रातभर वारं खाऊ द्यायचं.
सकाळी दोरीला कंदील बांधून
आदी त्यो सोडायचा.
जळत ऱ्हायला तर माणूस उतरायचा.
इझला तर थांबायचं.
माझा थोरला, याकोब, एक डाव थांबला न्हाई.
मालकाला ट्रक भरायची घाई हुती."

खोलीत खुर्चीसुद्धा वाजली नाही.

"मला इचारशीला तर एवढंच.
काळोख कुठं बी असंल,
कुणाचं लेकरू उतरायच्या आदी
आपुन उतरायचं. कंदिलागत.
इझलो तर इझलो. वरच्याला कळंल तरी."

सुवार्तानं हळूच विचारलं, "आणि दोर कुणी धरायचा?"
त्यांना अर्धंच ऐकू गेलं.
"काथ्याचा," ते म्हणाले. "तागाचा लवकर कुजतो."

कुणी हसलं, कुणी नाही.
भंडाऱ्यांनी फाईल मिटली नाही,
पण क्रूसाच्या नकाशावर तळहात ठेवून
बराच वेळ बसून राहिले.
पाळकबाबा प्रार्थना करायला उठले
आणि पहिल्या शब्दापाशीच थांबले.

मला योनाथानचं घर आठवत होतं.
कारखान्यानं कमी केल्यापासून
वर्गणीच्या वहीत त्याच्या नावापुढं
मीच लाल टिंब देत आले,
चौदा महिने, सुवाच्य.
त्यानं उपासनेला येणं सोडलं तेव्हा
मी गैरहजेरीचंही टिंब दिलं.
माझ्या घरापासून तिसरी गल्ली.
तोंड मिटलेलं पेव,
आणि आम्ही इथं पुलावरून काय दिसेल ते मोजत होतो.

फळा मी पुसला नाही. कुणी पुसला माहीत नाही.
संध्याकाळी निघाले तेव्हा
वही कपाटात ठेवून कुलूप लावलं
आणि रिकाम्या हातानं गल्लीत वळले.
दार वाजवायच्या आधी
मी खरंच रात्रभर थांबायला हवं होतं का,
आतली हवा बाहेर यायला?
ठाऊक नाही. आत टीव्ही चालू होता.
योनाथानच्या मुलीनं कडी काढली,
"चिटणीसबाई आल्यात," ओरडली,
आणि आतला टीव्ही बंद झाला.

मी चपला बाहेर काढल्या.
पुण्याच्या पत्राचं उत्तर
अजून पाठवलेलं नाही.
पंधरा शब्दांतला एक सापडलाय,
'उतरणे'.
बाकीचे चौदा
दोर धरणाऱ्यांना विचारून लिहीन.