आवक-जावक

माझं टेबल दारातच.
उन्हाळ्यात झळ पहिली मला लागते
आणि कागदही पहिला मलाच.
नवरा याच उपकेंद्रात शिपाई होता,
त्याच्या जागी मी. अनुकंपा म्हणतात त्याला.
अकरा वर्षं शिक्के मारून मनगट आता थंडीत दुखतं.

कँटीनमागच्या लिंबाखाली एक फळा होता.
पोरं त्यावर रोज एक वाक्य लिहायची.
कधी मेसच्या वरणाबद्दल, कधी दिल्लीबद्दल,
एकदा नुसतं
"आज नळाला पाणी आलं, नववा दिवस".
तेवढ्यालाही एक सर चिडले होते.

त्या मंगळवारी काय लिहिलं होतं, मी पाहिलं नाही.
डबा खात होते. भेंडी.
ओरडा ऐकून खिडकीशी गेले तोवर
फळ्यावर ओल्या फडक्याचे फराटे,
इकडं एक घोळका, तिकडं एक,
आणि मधे वॉचमन ज्ञानोबा,
फडकं कुठं लपवावं ते न कळून.

साडेतीनला पहिलं निवेदन:
सदर वाक्यामुळे आमच्या भावना दुखावल्या.
सह्या एकोणचाळीस.
पावणेचारला दुसरं:
सदर वाक्य पुसणे हा अभिव्यक्तीवर घाला.
सह्या एकतीस.
राहिलेल्या सह्या दोन्हीकडच्यांनी माझ्याच पेनानं केल्या,
टेबलाला दोऱ्यानं बांधलेल्या.
पहिल्या घोळक्यातल्या पोरानं ते
दुसऱ्यातल्या पोरीच्या हातात दिलं.
"झटकून लिही, अडकूलालंय."
हे मी कुठल्याच रकान्यात घेतलेलं नाही.

मग कागद चालू झाले.
समिती, तीन सदस्य.
फळा स्टोअरमध्ये, मोडक्या बाकांवर उलटा.
गंगासागर मुंजाजी सूर्यतळ, एम. ए. द्वितीय वर्ष,
हिला कारणे दाखवा नोटीस.
जावक मीच केली. गोंद संपला होता,
पाकीट डब्यातल्या भातानं चिकटवलं.

फाईल सुतळीत मावेना तेव्हा
एका दुपारी पहिल्या पानापासून वाचत बसले.
सदर वाक्य. उपरोक्त मजकूर.
उक्त लिखाण. आक्षेपार्ह ओळ.
एकशे बारा पानं,
आणि ते वाक्य
कुठंच नाही.
ज्ञानोबाला विचारलं.
"मला कुठं वाचता येतंय, वहिनी?
साहेब म्हणले पूस, पुसलं.
अक्षर मात्र झ्याक होतं."

सातव्या दिवशी ती आली,
औशाहून एसटीत उभ्यानं,
ओढणीवर उसाचा रस सांडलेला.
नोटिशीत होतं: सविस्तर खुलासा, पुराव्यासह.
तिचा कागद जवळजवळ कोरा.
मायना, मधोमध एक ओळ, खाली सही.

मी वाचली. पुन्हा वाचली.
खरं सांगू? मला ती तितकीशी पटली नाही.
माझ्या सासऱ्यांनी तर ताटावरून उठून जावं, अशी.
"एवढंच?" म्हटलं.
"एवढंच होतं, मावशी.
ह्याच्यावरूनच चालूलालंय सगळं."

आवक नोंदवहीत रकाने पाच:
क्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, कोणाकडे.
विषय थोडक्यात लिहायचा असतो.
आता एका ओळीचं थोडक्यात काय करू?
जशीच्या तशी उतरवली.
एक ऱ्हस्व-दीर्घ तिचं चुकलं होतं, तेही राहू दिलं.
वहीत फडकं चालत नाही.
खोडायचं तर शेजारी सही लागते, तारीख लागते,
आणि कारण.

वहीच्या पुठ्ठ्यावर छापलंय: कायम जतन.
पान एकशे सत्तेचाळीस.
ओळ मी इथं सांगणार नाही,
माझी सोळा वर्षं नोकरी राहिलीय अजून.
ज्याला वाचायचीय त्यानं माहितीचा अर्ज करावा,
दहा रुपयांचं तिकीट लावून,
साडेपाचच्या आत.

पेन आहे टेबलाला.
झटकून घ्या फक्त.