पाण्यापर्यंतचं अंतर

मे महिन्यात, सात रस्त्याच्या ऑफिसात,
कूलर नुसताच गरम वारा ढकलत असताना
माझ्या स्क्रीनवर कल्लहिप्परग्याची विहीर
काठोकाठ भरली.

भोवती सगळे लाल ठिपके,
काही करडे, म्हणजे विहीर आहे, खबर नाही.
आणि मध्ये हा एकटा निळा,
नुकतं नाहून आलेल्या पोरासारखा.

इरण्णा बिराजदारला फोन लावला.
मागं शेरडांच्या घंट्या.
"कोरडी हाय मॅडम. तळाला एक कासव होतं,
तेबी पोरांनी बादलीत घालून वर काढलं."
मग शून्य कसं भरलंत?
"पाणी नाही म्हणजे शून्यच की ओ."

आता त्याला कसं सांगू
की या सॉफ्टवेअरला पाणी मोजता येत नाही.
ते मोजतं वरची पोकळी.
काठाच्या दगडावर पांढरी खूण,
तिथून टेप सोडायची,
खडू फासलेलं टोक ओलं होईस्तोवर.
आकडा जितका मोठा तितका घसा कोरडा.
आणि शून्य म्हणजे
वाकून ओंजळ भरावी इतकं जवळ.

त्या एका शून्यानं
तालुक्याची सरासरी पाऊण मीटर वर आली होती.
पाच वाजता अहवाल जाणार.
मी चहा येईपर्यंत तो ठिपका तसाच राहू दिला.

मग शून्य पुसलं.
"हा रकाना आवश्यक आहे."
शेजारच्या बोअरला एकशेवीसवर ओल लागली म्हणे,
ते टाकलं.
"पाणी विहिरीच्या तळाखाली असू शकत नाही."
असू शकत नाही!
स्थितीच्या यादीत वापरात, बंद, बुजलेली.
कोरडी नाही. मार्चमध्येच पुण्याला कळवलं होतं,
उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत बघू.

कपाटात जुनं रजिस्टर आहे, जांभळ्या शाईचं.
त्यात शेऱ्याचा रकाना हातभर रुंद:
"रहाटाचा डावा खांब गेला."
"आत साप, पातळी घेतली नाही."
"हणमव्वा बाईंनी ताक दिलं."
ताकाचा पातळीशी संबंध काय, कुणी विचारलं नाही.
इथं शेऱ्याला पन्नास अक्षरं,
आणि जोडाक्षर म्हणजे यांच्या हिशेबी तीन.

शेवटी खोली सतरा, पाणी सतरा, असं भरलं.
खोटं नाही, खरंही नाही,
तळ आणि पाणी एकाच आकड्यावर उभे.
ठिपका लाल झाला, सरासरी खाली बसली.

पाचला दहा कमी असताना पुन्हा फोन केला.
इरण्णा, कासव कुठंय?
"शाळेच्या टाकीत सोडलंय. का ओ, तेबी भरायचं काय?"

शेरा: कोरडी. कासव शाळेच्या टाकीत.
सत्तावीस अक्षरं.
मावलं.