गृहीतक क्रमांक चार

सेंट्रल बिल्डिंग, दुसरा मजला, साडेअकरा.
एसी एकच, तोही सहसंचालकांकडे तोंड करून.
मी भिंतीलगतच्या खुर्चीत, लॅपटॉप मांडीवर.
पडद्यावरचा तक्ता माझा आहे,
हे कुणी म्हणणार नाही. मीही नाही.

सगळ्यांना विमा दिला, तर दहा वर्षांत किती?
खळदकर म्हणतात, अठरा हजार कोटी.
डॉक्टर मुजुमदार म्हणतात पस्तीस, आणि तेही हात राखून.
"कुणाचा हात?"
"तुमचा नव्हे, तिजोरीचा."
सगळे हसतात.
सहसंचालक हसत नाहीत,
चहात बुडवलेलं बिस्कीट
किती वेळ तग धरतं ते बघतायत.

मग टक्क्यांवरून जुंपते.
औषधांची महागाई आठ धरायची की बारा.
आठ धरली तर योजना बसते,
बारा धरली तर झोपते.
दोघांचीही गणितं बरोबर आहेत.
मी तपासलीत, रात्री दोनपर्यंत, धायरीला,
पोळीचा डबा तसाच झाकून ठेवून.

पण सतरा हजार कोटींचं अंतर
महागाईनं भरत नाही.
ते आहे तळाशी, बारीक टायपात:
पात्र रुग्णांपैकी शेकडा अडतीस दावा करतील.
मुजुमदारांनी तिथे एकसष्ट धरलेत.
म्हणजे स्वस्त आकडा स्वस्त आहे
कारण बाकीचे येणारच नाहीत.

अडतीस मीच काढलेत.
जुन्या योजनेच्या नोंदींतून, प्रामाणिकपणे.
नोंदीत दावे असतात.
खेपा नसतात.

आमच्या मागच्या गल्लीतल्या शेवंता लडकत
मार्केट यार्डात कांदा निवडतात.
पित्ताशयात खडा. कार्डावर नाव शेवंती.
खिडकीवरचा म्हणाला, दुरुस्त करून आणा.
आणलं, तर सर्व्हर बंद.
तिसऱ्यांदा त्या गेल्याच नाहीत,
साडेचारशेचा रोज बुडतो,
आणि खडा काय, रोज थोडाच दुखतो.
सरकारचे चाळीसेक हजार वाचवले त्यांनी.
कुठल्याच रकान्यात त्यांचे आभार नाहीत.

"बाई, हे अडतीस आले कुठून?"
मला विचारतायत. मान वर करायला वेळ लागतो.
"सहा वर्षांची सरासरी, सर."
"आणि सुधारणा नीट राबवली तर?"
"तर लोक येतील, सर."
"म्हणजे चांगली चालली तर महाग पडेल?"
"हो, सर."

पंखा ऐकू येतो थोडा वेळ.
बिस्कीट तुटून कपात पडतं.
इतिवृत्तात मी लिहिते:
क्रमांक चारवर पुढील बैठकीत विचार व्हावा.

घरी येऊन फाइल उघडली.
अडतीसच्या जागी एकोणचाळीस टाकलं.
खालचा आकडा पावणेपाचशे कोटींनी हलला,
एका टक्क्यावर,
तेवढी माणसं दारातून आत आली म्हणून.
परत अडतीस केलं. सेव्ह. बंद.

मग चपला घालून मागच्या गल्लीत.
"मावशी, गुरुवारी मी येते बरोबर. कार्ड काढून ठेवा."
"रोज बुडंल गं."
"एकदा बुडू दे."
"आन तुझी रजा?"

किरकोळ, एक दिवस.
शिल्लक चार.