फरशीखालची नळी

ग्वाल्हेरला, दौलतगंजात, जानेवारी उतरला की
फरशी तळव्यांना चावते.
हुकुमसिंग मिस्त्री खडूने वळणं आखत सांगतो:
काँक्रीटमध्ये नळी पुरली, तर ऊब यायला
सकाळची संध्याकाळ होते,
पण बंब विझला तरी रात्रभर जात नाही.
लाकडाखाली पत्र्यावर बसवली, तर
चहा उकळेतो पाय शेकतात,
आणि तितक्यातच गार.

ह्यांना पत्रा हवा.
ह्यांचा रागही तसाच,
भडकला, विसरला, जेवायला बसला.
माझा अजून
नणंदेच्या लग्नातला आहे, कोब्याखाली कुठेतरी,
कोमट.

"काँक्रीटच घाला," मी म्हणाले.
"ह्यांच्या खोलीत पत्रा."

मांजरीने पाणी सुटायच्या आधीच
खडूची सगळ्यात दाट वळणं निवडली.
उठली तेव्हा कुशीवर
पांढऱ्या रेघा.