करदोडा

जालन्याच्या कोष बाजारात, पत्र्याखाली
माझं एक टेबल आहे
आणि खाली मान घालून बसलेला कॅमेरा.

प्रकल्पाचं नाव लांबलचक.
आत नुसती एक दोरी:
बिंदूला बिंदू जोडलेली, टोकाला टोक मिळालेलं.
ती कोषाभोवती सैल टाकायची
आणि सोडून द्यायची.

ती आवळत जाते.
प्रत्येक बिंदू दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना विचारतो,
मी लांब तर पडलो नाही ना, वाकडा तर गेलो नाही?
आणि खालच्या चित्राकडे कान लावतो,
पांढरं कुठे संपलं, काळं कुठे लागलं.
शेजाऱ्यांची ओढ, कडेची ओढ,
दोघींचं भांडण मिटतं तिथे दोरी थांबते.
पुस्तकात तिला साप म्हणतात.

हे ऐकून भुजंगराव डोईफोडेंनी
सुपारी या गालातून त्या गालात नेली.
"म्हंजी मव्हंच नाव ठिवलं का मशीनला?"

भुजंगराव कोष उचलतात, अंगठ्याने दाबतात,
कानाशी हलवतात.
अ. ब. तिकडं टाक.
सुपारी चघळायची थांबत नाही.

पहिल्या आठवड्यात पांढऱ्या चादरीवर पांढरा कोष.
दोरीला कड सापडेना;
ती कोषाच्या पोटातून आवळत गेली
आणि एक ठिपका होऊन बसली.
मी रात्री अकरापर्यंत आकडे बदलले.
सकाळी भुजंगरावांनी घरून घोंगडं आणलं.
मग घोंगड्याचा केस न् केस म्हणू लागला,
कड म्हणजे मीच.
शेवटी टायरवाल्याकडची जुनी ट्यूब कापून, धुऊन अंथरली.
टेबलाला अजून तिचा वास आहे.

मग कंबर.
या जातीच्या कोषाला शेंगेसारखी कंबर असते,
आणि दोरी तिथे आत शिरेना,
या फुगीर भागावरून त्या फुगीर भागावर
सरळ ताणून मोकळी.

"नुसरतबाई, तुमच्यात लेकराला करदोडा बांधत्यात का?"
"ताईत बांधतो. गळ्यात."
"मंग तुम्हाला कसं कळावं.
सैल बांधला का घसरतो, आवळला का वळ उठतो.
आन् लेकरू तर रोज वाढायलंय."

दोरीचा ताठपणा मी पावपट केला.
ती वळली. आत गेली.
मी उगीचच टाळी वाजवली;
वजनकाट्यावरची माणसं बघायला लागली.

गुरुवारी एक कोष आला,
मोठा, गोल, बिनकमरेचा.
दोरी त्याच्यावर अशी बसली,
जशी त्याच्याच मापाने वळलेली.
पडद्यावर हिरवी खूण. अ.

भुजंगरावांनी तो हलवला.
"दोन हायेत."

दोन अळ्यांनी एकाच जागी घर धरलेलं,
दोघींचे धागे एकमेकींत गेलेले;
उकलायला बसावं तर तुटत राहतात.
असा कोष वेगळा काढतात, भावही वेगळा.

मी वाद घातला.
दोरी एकच असते, भुजंगराव, तिला दोन होता येत नाही,
आणि झाली असती तरी
बाहेरून दुसरी रेघ आहेच कुठे?
बघा ना, कड तंतोतंत आहे.

"बरुबर हाये की," ते म्हणाले,
"मी कुठं चूक म्हन्लो?"
आणि कोष माझ्या कानाशी धरला.

लिलावाचा ओरडा चालू होता, टेम्पो मागे येत होता.
तरी एक खुळखुळ ऐकू आली,
आणि तिच्या जराशी मागून
दुसरी.

रात्री तक्त्यात एक रकाना वाढवला.
नाव काय द्यावं सुचेना.
सध्या लिहिलंय: कान.
छापील कागदावर त्या रकान्यात
अकरा कोषांपुढे दोनचा आकडा,
भुजंगरावांच्या हातचा,
चौकटीच्या जरा बाहेर गेलेला.