पिनियन, दात चौदा

कुपवाड एमआयडीसीत एकच शेड, मधे पत्र्याची भिंत.
पलीकडं जिनगोंडाचं लेथ, अलीकडं माझं हॉबिंग.
वाटणीत कंप्रेसर कुणाला, यावर
शेवटचं बोललो आम्ही. सात वर्षं झाली.

ड्रॉइंग त्याच्या पोरानं आणून दिलं, श्रेणिकनं.
अक्षर ओळखीचं. साताच्या कंबरेत आडवी रेघ, अण्णांसारखी.
पिनियन, दात चौदा. मॉड्यूल पॉइंट आठ.
कठीण करून, ग्राइंड करून. घाई नाही.

घाई नाही असं लिहिणारा माणूस घाईतच असतो.

"कशाला रे हे?"
"इंजिन करतोय पप्पा. विमानाचं. रिमोटचंच हाय,
पण पंख नऊ फूट. पेट्रोलचं न्हवं काका, टर्बाइन.
फुडं पंखा."
आणि माझ्याच जॉबकार्डाच्या पाठीवर काढून दाखवलं:
एक शाफ्ट, त्यावर हवा दाबणारं चाक
आणि त्याला पळवणारं चाक,
मिनिटाला दीड लाख फेरे.
त्याच्यापुढं दुसरा शाफ्ट, त्याचं चाक वेगळं,
मग गिअर, मग पंखा.

"ही दोन कुठं जोडलीत?"
"जोडलीच न्हाईत. ह्याची गरम हवा
त्याच्या चाकावर जाती. बास."

दोन रेघांमधल्या कोऱ्या जागेकडं
मी बघत राहिलो.
चहा आला, निवला.

रात्री पत्र्यातून ऐकू यायचं.
तो रोटर फिरवायचा, थांबायचा,
ग्राइंडर एकदाच टेकवायचा, निसटता,
परत फिरवायचा.
अण्णा मार्केट यार्डात तोलार.
हळदीचं पोतं नुसतं कलतं करून सांगायचे किती किलो,
पण काटा थरथरतोय तोवर
वजन बोलायचं नाही, हा नेम.
पत्र्यापलीकडं तो नेम चालला होता, दोन-दोन वाजेपर्यंत.

मी पाच कापले. तीन मलाच पटले नाहीत,
चौथा भट्टीत वाकला.
पाचवा तेलात बुडवून, कागदात गुंडाळून
पोराच्या हातावर ठेवला.
"बिल?"
"बघू."

मला कुणी बोलावलं नव्हतं.
रविवारी कवलापूरच्या माळावर
बाभळीखाली गाडी लावून उभा राहिलो आपला.
विमान पिवळं, फवारणीच्या विमानाच्या धाटणीचं.
मणेराजुरीचा एक बागायतदार ज्याला त्याला विचारत होता,
"द्राक्षाला औषध मारता यील का ह्यानं?"
श्रेणिक रॉकेल भरत होता, शंभराला पाच तेल घालून.

आधी बारीक शिट्टी.
मग आत काहीतरी धरलं, हुंकारलं,
आणि शिट्टी चढत गेली, चढतच गेली,
कुत्र्यांनी माळ सोडला.
आतलं चाक कुठल्या कुठं पोचलं असेल,
पुढचा पंखा मात्र ढिम्म.
मग एक पातं हललं.
रुसून भिंतीकडं तोंड केलेलं माणूस
कूस बदलतं तसं.
मग दुसरं. मग पाती दिसायचीच बंद झाली.

मी त्या आवाजात माझे दात शोधत होतो.
चौदाच्या चौदा. कुठं खरखर नव्हती.

धावलं, शेपूट उचललं, उसाच्या तुऱ्यांवरून वळलं,
उन्हात पोट दाखवून दंडोबाच्या अंगाला गेलं,
परत आलं.
सात मिनिटांचं रॉकेल.
उतरताना एकदा उडालं, डावं चाक मुडपलं,
बागायतदार म्हणाला, "गेलं!"
गेलं नव्हतं.

जिनगोंडानं नाकावरचं झाकण काढलं.
वाकूनच, कुणाकडं न बघता म्हणाला,
"गिअरबॉक्स किती तापलाय बघाय पायजे."
श्रेणिक लांब, चाक हुडकत बसलेला.
जवळ मीच होतो.

मी बोट टेकवलं.
"कोमट हाय," म्हणालो.

बोट तोंडात घातलं ते
गाडीपाशी आल्यावर.