लाल व्हायचं राहून गेलेली

तिसऱ्या ओळीच्या टोकाला, तारेचा खांब कललाय तिथे,
मुळातून एक फोक वर आला.
पानं इतरांसारखीच, काटे तेवढेच,
फुलं तीच, पांढरट, नजरेत न भरणारी.
जून संपता संपता अरिल्येची आख्खी टेकडी लाल झाली
आणि हा पिवळा राहिला.

विदोसाव म्हणाला, रोग आहे,
उपट, नाहीतर बाकीच्यांना लागेल.
स्तोयाना कुंपणापलीकडून म्हणाली,
औषधं मारा अजून.
मी काहीच बोलले नाही. माझ्या डोक्यात
दोनशे सोळा पाट्या होत्या
आणि शीतगृहाचा ट्रक, सहाला.

शीतगृहात पिवळ्या रास्पबेऱ्या घेत नाहीत.
काट्यावरच्या पोराने झाकण उचललं, म्हणाला, कच्च्या.
मग एक दाबून पाहिली, म्हणाला, नासल्या.
एकाच फळावर एका दमात दोन्ही आळ.

पुतणी शेतकी शिकते, ती हसली.
म्हणाली, काकू, हिच्यात काही जास्तीचं नाही,
लाल करणारी एक कळ तेवढी बिघडली आहे.
पिवळा आतून होताच.
इतरांच्यात तो झाकला जातो.

(मला माझं लग्नातलं पातळ झालेलं पोलकं आठवलं,
का, ते विचारू नका.)

कस्तूर पक्षी येतात, लाल ओळींवर तुटून पडतात,
हिच्यावरून उडून जातात.
त्यांनाही लालच वाचता येतं.

आणि आम्ही?
आम्ही हिच्यापाशी उभ्या राहायचो लाली चढायची वाट बघत,
आज नाही, उद्या चढेल,
आणि उद्या ती खाली पडलेली असायची,
मुंग्यांच्या मालकीची.

मग रातोमिर आला. चुलतसासरे. वय एकाहत्तर.
लाल आणि हिरवं त्यांना जन्मापासून एकच.
रेल्वेने नाकारलं, सैन्याने स्वयंपाकघरात बसवलं,
आणि तोडणीला आम्ही त्यांना पाट्याच वाहायला लावायचो,
कारण ते कच्चं तोडतील अशी
सगळ्यांची खात्री.

त्या दिवशी पाटी उलटी टाकून ते तिथे बसले.
तीन बोटांनी प्रत्येक फळ नुसतं उचलून बघत.
आलं तर आलं.
नाही आलं तर हुज्जत नाही, पुढचं.
सुटलेल्या फळाच्या पोटात पोकळी,
मागे देठावर एक पांढरा सुळका,
लहान मुलाच्या दातासारखा.
तासाभरात वाडगा भरला. एकही चुकलं नाही.

मी विचारलं, कसं कळतं तुम्हाला?
म्हणाले, हाताला येतं की. तुम्ही कसं करता?
म्हटलं, आम्ही बघून. ही पिवळी आहे ना, म्हणून फसतो.
ते थांबले.
वाडगा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.
पिवळी?
मग बाकीच्या कशा आहेत?

सांगता येईना मला.
खाली वळणावर ट्रकने भोंगा दिला.
मी एक तोंडात टाकली.
आंबट आधी वर्दी देतं, मग गोड येतं,
ही रीत हिला ठाऊक नाही;
न सांगता आलेल्या पाहुण्यासारखी ती थेट आतच.
मग आणखी एक. मग मोजलं नाही.

हिचा डाग पडत नाही.
माझी बोटं लालच होती,
सकाळपासूनची, दुसऱ्यांच्या रसाने.